कास्क स्ट्रेंग्थ बर्बनचे ब्लेंड: पाच ग्लास आणि माझा झालेला पोपट

पिंपळपान (सिनसिनाटी)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि तोही स्वतःची फजिती सांगायला. ज्यांना दारू या विषयाचं वावडं आहे त्यांनी शेजारच्या धाग्यावर जावं, तिकडे उकडीच्या मोदकाच्या पारीवरून चांगली जुंपलीय.

तर आम्ही इथे चार मित्र, चौघंही बर्बनवाले (बर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की), त्यातही मी जरा जास्तच. गेली सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय की खरी बर्बन म्हणजे एका डिस्टिलरीची, जमलं तर एकाच पिंपातली, आणि पिंपातून काढली की थेंबभरही पाणी न घालता बाटलीत भरलेली, म्हणजे कास्क स्ट्रेंग्थ. आणि ब्लेंड म्हणजे काय, तर ज्यांची स्वतःची भट्टी नाही ते इकडून तिकडून पिंपं गोळा करतात आणि महागड्या बाटलीत ओतून विकतात, संपला विषय. मागच्या शनिवारी एकजण म्हणाला की एवढं कळतंय तर डोळे झाकून ओळखून दाखव. म्हणलं चल.

बायकोने स्वयंपाकघरात पाच ग्लास भरले, प्रत्येकी १५ मिली, आणि ग्लासच्या बुडाला टिकल्या चिकटवल्या. लाल, हिरवी, काळी, निळी आणि एक चंद्रकोर. कुठली टिकली कुठली बाटली हे फक्त तिला माहीत. बाटल्या कुठल्या पाच आहेत ते आम्हाला माहीत होतं: एलायजा क्रेग बॅरल प्रूफ, बुकर्स, मेकर्स मार्क कास्क स्ट्रेंग्थ, माझी लाडकी सिंगल बॅरल (नाव नको, दुकानदाराने 'तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलीय' म्हणून दुप्पट पैसे घेतले होते) आणि लुईव्हिलच्या बॅरल क्राफ्ट स्पिरिट्सचा कास्क स्ट्रेंग्थ ब्लेंड, ज्यात इंडियाना, टेनेसी आणि केंटकी अशा तीन राज्यांतल्या बर्बन एकत्र केल्यात. ही शेवटची मित्राने आणलेली.

लाल टिकली चौघांनीही ओळखली. खारे शेंगदाणे कढईत भाजताना येतो तस्सा वास, बुकर्सच. हिरवीत झणझणीतपणा कमी आणि गोडवा जास्त, म्हणजे राईऐवजी (मोहरी नव्हे, राय हे धान्य) गहू, म्हणजे मेकर्स. इथवर आम्ही खूश.

मग चंद्रकोर. नाकाशी नेली तर आधी भाजलेलं खोबरं, पाठोपाठ काकवी. पहिल्या घोटाला जीभ बधिर, ते धरत नाही मी. दुसऱ्याला पूर्ण पिकून काळं पडलेलं केळं, त्यावर सुंठ, आणि गिळल्यावर बासुंदीच्या पातेल्याची खरवड असते ना, ती करपायच्या एक पायरी अलीकडची. आणि सगळं विरल्यावर शेवटी एक कोरडं, खडूसारखं काहीतरी राहिलं, अगदी पाटीवरची पेन्सिल लहानपणी चाटायचो तसं. विचित्र पण सोडवेना. मी छातीठोकपणे लिहिलं: एलायजा क्रेग. मार्क दिले १० पैकी ९.

निळीला काय वाटलं विचाराल तर नुसतं लाकूड. कपाटाचा जुना खण उघडून त्यात जीभ घातल्यासारखं. कडू, तुरट, घसा कोरडा. मी लिहिलं: 'हाच तो ब्लेंड, कुठली तरी जुनी पिंपं गुळगुळीत करून खपवलीत.' मार्क ५.

टिकल्या उघडल्या. चंद्रकोर म्हणजे ब्लेंड. निळी म्हणजे माझी लाडकी. चौघांपैकी तिघांनी चंद्रकोर पहिली लावली होती आणि निळी चौघांनीही शेवटची. बायको काही बोलली नाही, फक्त दुकानाची पावती फ्रीजवर मॅग्नेटने लावून ठेवलीय तेव्हापासून.

आता प्रश्न असा की आपण ब्लेंड या शब्दाला एवढं का बिचकतो? आणि कास्क स्ट्रेंग्थची तुलना तुम्ही लोक कशी करता?

सोडावॉटर (पुणे)

धागा मस्त पण निष्कर्ष घाईचा वाटतोय. चार जण, एक संध्याकाळ, पाचवा ग्लास येईपर्यंत जीभ गेलेली. आणि ब्लेंडला बिचकायचं कारण साधं आहे हो, कोणी बनवली तेच बाटलीवर लिहित नाहीत. मी सिंगल माल्टवाला (नुसत्या जवाची व्हिस्की) माणूस, मला डोंगर, झरा, भट्टी सगळं माहीत असायला हवं. तीन राज्यांचं पाणी एकत्र करणे याला आमच्याकडे भेसळ म्हणतात. (हलके घ्या.)

नाना६२ (सांगली)

पिंपळपान, तुझा पोपट वाचून करमणूक झाली. मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून तीस वर्षं काढली त्यामुळे बिचकण्याचं कारण मी सांगतो. आपल्याकडे 'ब्लेंड' हा शब्द ज्या अर्थाने रुळला तो अर्थच वेगळा. मळी आंबवायची, तिच्यापासून ई.एन.ए. काढायचं म्हणजे जवळजवळ ९६ टक्क्यांचं स्पिरिट ज्याला ना वास ना चव, त्यात थोडं माल्ट स्पिरिट, रंगाला कॅरेमल, पाणी घालून ४२.८ ला आणायचं की झाली व्हिस्की. काही ठिकाणी मळीऐवजी धान्य वापरतात, काही ब्रँडात थोडी स्कॉच टाकतात, आणि त्या लेबलवर अभिमानाने ब्लेंडेड छापलेलं असतं. युरोपात मळीच्या मालाला व्हिस्की म्हणताच येत नाही, तिथे धान्यच लागतं. म्हणजे आपल्या पिढीने ब्लेंड हा शब्द शिकला तो 'पातळ केलेलं' या अर्थाने. तुमचा बर्बनचा ब्लेंड तसा नसणार असं वाटतंय, तू सांग.

जाता जाता, ते ४२.८ कुठून आलं हे पोरांना माहीत नसतं. प्रूफ म्हणजे दारूचा कडकपणा मोजायचं माप. इंग्रजांचं प्रूफ वेगळं, त्यांचं १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्याचे पाऊण केले की ४२.८, म्हणून आपल्या लेबलांवर ७५ प्रूफ किंवा २५ यू. पी. (अंडर प्रूफ) लिहितात. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट. तुझ्या चंद्रकोरीचे टक्के किती होते?

पिंपळपान

नाना, दंडवत. चंद्रकोर ५७, म्हणजे इथल्या हिशोबात ११४ प्रूफ आणि तुमच्या हिशोबात बरोबर शंभराला टेकलेली!

आणि तुम्ही म्हणता तो फरक इथेही आहे, पण तो एका शब्दात लपलाय. लेबलवर 'ब्लेंडेड बर्बन' असेल तर त्यात निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ५१ टक्के स्ट्रेट बर्बन असली की भागतं, उरलेल्यात तुमचं ई.एन.ए. छाप न्यूट्रल स्पिरिट चालतं. पण 'ब्लेंड ऑफ स्ट्रेट बर्बन व्हिस्कीज' असेल तर थेंब न थेंब स्ट्रेट बर्बन. म्हणजे किमान ५१ टक्के मका, कोऱ्या आणि आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात निदान दोन वर्षं. फक्त वेगवेगळ्या राज्यांतली एकत्र केली की लेबलवर ब्लेंड लिहावंच लागतं. मी सहा वर्षं या दोघींना एकच समजत होतो, हे आज चारचौघांत कबूल.

सोडावॉटर, भेसळीवरून आठवलं, तुमचं सिंगल माल्टसुद्धा शेकडो पिंपं एकत्र ओतूनच होतं. सिंगल म्हणजे एक डिस्टिलरी, एक पीप नव्हे.

सोडावॉटर

ते माहितीये हो. पण डिस्टिलरी एक असते ना. घर एक.

बुच (शिकागो)

मग फोर रोझेसला काय म्हणाल? घर एकच, पण त्या घरात दहा चुली. त्यांच्याकडे धान्याची दोन मिश्रणं आहेत, एकात राई २० टक्के आणि दुसऱ्यात ३५, आणि यीस्टचे पाच प्रकार. दोन गुणिले पाच, दहा वेगळ्या बर्बन होतात, वेगळ्या पिंपांत मुरतात आणि मग पाहिजे तशा एकत्र करतात. त्यांच्या स्मॉल बॅचमध्ये चार असतात, स्मॉल बॅच सिलेक्टमध्ये सहा. दरवर्षीची लिमिटेड एडिशन निघते ती बॅरल स्ट्रेंग्थलाच (म्हणजे कास्क स्ट्रेंग्थ), आणि ती मिळवायला लोक लॉटरीत नावं घालतात. हा ब्लेंडच आहे, फक्त एका कुंपणाच्या आतला. गंमत म्हणजे सीग्राम या आधीच्या मालक कंपनीच्या काळात याच नावाने अमेरिकेत स्वस्तातली न्यूट्रल स्पिरिटवाली ब्लेंडेड व्हिस्की विकायचे आणि खरी स्ट्रेट बर्बन युरोप-जपानला पाठवायचे. २००२ मध्ये किरीन या जपानी कंपनीने घेतल्यावर ती परत इथल्या दुकानांत आली. नाव एकच, आत दोन टोकं.

आता पिंपळपानच्या पाटीवरच्या पेन्सिलीबद्दल. वाचून मी उडालो कारण ही खूण आहे. बॅरल क्राफ्टवाले राज्य आणि वय छापतात, डिस्टिलरीचं नाव नाही, त्यामुळे बाकी अंदाजच, पण टेनेसीतल्या जॉर्ज डिकेलच्या मालाबद्दल लोक वर्षानुवर्षं हेच सांगतात, चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळीसारखी खडूची चव. त्यांच्यात मका ८४ टक्के, राई फक्त ८, उरलेलं जव. अमेरिकन पोरं त्या गोळ्या खाऊन वाढली म्हणून त्यांना गोळी आठवते, तुम्ही पेन्सिल चाटली म्हणून पेन्सिल. दोन्ही बरोबर.

आणि सुंठेचा भाग बहुतेक इंडियानाचा. तिथे लॉरेन्सबर्गला जी मोठी डिस्टिलरी आहे, पूर्वीची सीग्रामची, मग एमजीपी, आता रॉस अँड स्क्विब, तिच्या एका मिश्रणात राई ३६ टक्के असते. निम्म्या अमेरिकेच्या 'आमच्या आजोबांची गुप्त पाककृती' छाप बाटल्यांत तिथलाच माल असतो. सिनसिनाटीहून जवळच आहे, तुम्ही गेला असाल.

पिंपळपान

गेलो होतो, तोही पोपटच. मला जायचं होतं फोर रोझेस बघायला. ते पण लॉरेन्सबर्गला! पण केंटकीतल्या. मी जीपीएसमध्ये नुसतं लॉरेन्सबर्ग टाकलं, अर्ध्या तासात पोचलो, मनात म्हणतोय फोर रोझेस किती जवळ आलं, आणि समोर इंडियानातली ती लाल विटांची भलीमोठी जुनी इमारत. आंबलेल्या पिठाचा वास मात्र छान येत होता, इडलीचं पीठ फुगून झाकण उचलतं ना, तसा.

मेतकूट (न्यू जर्सी)

मी फ्लेवर केमिस्ट आहे त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा मास्तरणीसारखा होईल, सांभाळून घ्या.

पिंपळपान, तुमची टिकल्यांची आयडिया फार आवडली पण तुमच्या प्रयोगात एक मोठी चूक आहे आणि ती कोणीच काढली नाही. चंद्रकोर ५७ टक्क्यांची. एलायजा क्रेगचे टक्के तुम्ही लिहिले नाहीत पण ती बहुतेक बॅचमध्ये साठच्या वरच असते. म्हणजे तुम्ही व्हिस्कीची तुलना केलीच नाही, अल्कोहोलच्या भडक्याची केली. ज्याचा भडका कमी त्याच्या चवी जास्त कळणार. कदाचित ब्लेंड जिंकलाच नाही, फक्त कमी भाजला.

हे नुसतं जिभेचं नाही. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये कॉम्प्युटरवर पाणी, इथेनॉल आणि ग्वायकॉल या रेणूचं गणित मांडलं होतं. ग्वायकॉल म्हणजे धुरकट, लवंगेच्या जवळ जाणारा वास. साधारण ४५ टक्क्यांपर्यंत हा रेणू वर पृष्ठभागावर येऊन बसतो, म्हणजे नाकाला सापडतो, आणि ५९ च्या वर गेलं की इथेनॉल त्याला वेढून आत ओढतं. म्हणजे साठ-पासष्ट टक्क्यांची बर्बन तुम्ही नीट प्यायलात तर ज्या वासाचे पैसे दिले त्यातला काही बाटलीवाल्याने आतच ठेवलेला असतो. पाणी घालणं म्हणजे कमीपणा नाही!

तर पुढच्या वेळी सगळ्या एका पातळीवर आणा. समजा ५० वर आणायच्यात. २० मिली घ्या, गुणिले तिचे टक्के, भागिले ५०, जेवढं येईल तेवढं एकूण व्हायला पाहिजे. ५७ ची असेल तर एकूण २२.८, म्हणजे २.८ मिली पाणी. ६५ ची असेल तर २६, म्हणजे ६ मिली. लहान मुलांच्या औषधाची सिरिंज येते ती वापरा. दहा मिनिटं झाकून ठेवा. नाक ग्लासात खुपसू नका, हनुवटीच्या उंचीवर धरून तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. आणि पहिल्या घोटाला मार्क द्यायचे नाहीत हे तुम्ही केलंत ते बरोबर.

दुसरं, १५ मिली गुणिले पाच म्हणजे ७५ मिली वाटतं थोडं, पण सरासरी ६० टक्के धरले तर त्यात ४५ मिली शुद्ध अल्कोहोल आहे. नानांच्या ४२.८ च्या हिशोबात १०५ मिली, म्हणजे साडेतीन स्मॉल पेग. तर सोडावॉटर म्हणतात ते खरंय, पाचव्या ग्लासला जीभ नव्हतीच. आम्ही लॅबमध्ये थुंकतो. घरी जाताना गाडी कोणी चालवली?

पिंपळपान

मेतकूट ताई, गाडी कोणीच नाही, तिघं आमच्या बेसमेंटमध्ये घोरत होते. एलायजा क्रेग ६५ ची होती, तुमचा संशय बरोबर. परत करतो.

घाटावरचा (कोल्हापूर)

एवढं गणित कशाला राव. कास्क स्ट्रेंग्थ म्हणजे मिसळीचा कट. कट कुणी वाटीभर नुसता पितं का? पितं, आमच्या गल्लीत एक आहे, पण त्याला सकाळी विचारा. कट वेगळा देतात कारण तुझ्या जिभेला किती सोसतंय ते तू ठरव, पातळ रस्सा घाल, हळूहळू चढव. पाणी घालून भरलेली बाटली म्हणजे हॉटेलवाल्याने तुझ्यासाठी ठरवलेला रस्सा.

आणि ब्लेंडला नाक मुरडणाऱ्यांनी एकदा आमच्या आईबरोबर उन्हाळ्यात चटणी कुटायला डंकावर यावं. ब्याडगी घ्यायची रंगासाठी, ती तिखट नाही. संकेश्वरी घ्यायची चवीसाठी. लवंगी थोडीच, ठसक्याला. नुसत्या ब्याडगीची चटणी लालभडक आणि मिळमिळीत, नुसत्या लवंगीची केली तर घरातून हाकलतील. आता या चटणीला भेसळ म्हणायची हिंमत आहे का कुणाची? आणि प्रमाण वहीत नसतं बरं, त्या वर्षीची मिरची बघून आई बदलते.

बुच

घाटावरचा, शेवटचं वाक्य लाखाचं. ब्लेंडरचं काम अगदी हेच. आणि कास्क स्ट्रेंग्थला ते जास्त अवघड कारण तिथे पाण्याचा आधार नाही. साधी बर्बन ४० किंवा ४५ वर आणताना पाणी घालून खडबडीतपणा झाकता येतो, इथे जे पिंपांत आहे तेच बाटलीत. एक पीप ६६ चं निघालं आणि कडू आहे, दुसरं ५५ चं मऊ आहे, तर दोन्ही मिसळून टक्के आणि चव एकाच वेळी जुळवायची. एकातून सुटका म्हणून दुसरं टाकलं की तिसरीकडे काहीतरी बिघडतं.

काजूफेणी (मडगाव)

एक बारीक शंका इथे टाकतो. आमच्याकडे कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, तिथे वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास माल पिंपातून हवेत जातो म्हणतात, स्कॉटलंडात २. केंटकीत किती जातो? आणि नवीन माल किती टक्क्यांवर पिंपात भरतात? कारण ६५-६६ वाचून मला वाटलं हे लोक भरतानाच रॉकेल भरतात काय.

बुच

केंटकीत साधारण ४ टक्के. आणि भरताना कायद्याने ६२.५ च्या वर भरताच येत नाही. त्यामुळे बाटलीवर ६२.५ पेक्षा जास्त दिसलं की समजायचं, टक्के पिंपात वाढलेत. केंटकीची गोदामं पाच-सहा-सात मजली, वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात भट्टी, हवा कोरडी, तिथे लाकडातून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं, म्हणून उरलेला माल चढतो. खालच्या गार, दमट मजल्यावर उलट होतं. स्कॉटलंडात जवळपास सगळीकडे उलटच. म्हणजे टक्क्यांचा आकडा हा गुणवत्तेचा नाही, पीप कुठे झोपलं होतं त्याचा पत्ता आहे.

काजूफेणी

आता कळलं. आणि आमच्याकडची पिंपं पण तिकडचीच ना, बर्बनला कोरंच पीप लागतं म्हणून एकदा वापरलेली निम्मी दुनिया घेते. पॉल जॉनची क्लासिक सिलेक्ट कास्क ५५.२ ची आहे, पिंपळपान, पुढच्या वेळी टिकल्यांत ती पण घाला, फक्त वेगळ्या पंगतीत, कारण ती माल्ट.

नवशिक्या (ठाणे)

सगळं वाचलं, वाचनखूण साठवली. पण आम्ही ठाणेकरांनी काय करायचं? इथे बर्बन म्हणजे दोन-तीन ओळखीचे ब्रँड, ते पण ४०-४५ टक्क्यांचे. कास्क स्ट्रेंग्थ ब्लेंड दुकानात बघितलाच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरची आयात ड्युटी १५० वरून १०० टक्क्यांवर आणली त्याचं काय झालं?

नाना६२

झालं ते ड्युटीचं झालं, त्यावर राज्याचा कर असतोच. पाहुण्याला सांग आणायला, बाहेरून येणाऱ्याला दोन लिटर आणता येतात. आणि वय पंचवीस आहे ना? महाराष्ट्रात बीअर-वाईनला २१ चालतं, याला नाही.

पिंपळपान

नवशिक्या, पाहुण्याला हेही सांगा की विमानात ७० टक्क्यांच्या वरची बाटली चालत नाही, बॅगेत टाकूनही नाही. इथे लोक अशा बर्बनला गमतीने 'हॅझमॅट' म्हणतात, धोकादायक मालावर लावतात ना ती पाटी. आणि बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग लुंगीत गुंडाळा, हे अनुभवाचे बोल, कुठल्या मामाच्या लग्नाच्या शालूला कॅरेमलचा वास येत होता ते विचारू नका.

आता दुसऱ्या फेरीचा निकाल. या वेळी निळी सोडून चारच बाटल्या, मेतकूट ताईंच्या सूत्राने सगळ्या ५० वर आणल्या, प्रत्येकाच्या वाट्याला दोन चहाचे चमचे, बाजूला थुंकायला स्टीलचं भांडं (ते आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही अशी घोषणा झालीय). टिकल्या बदलल्या.

६५ वाल्या एलायजा क्रेगमध्ये पाणी पडल्यावर ती दुसरीच बाई झाली. आधी नुसती दालचिनी आणि ठसका होता, आता खारीक, जायफळ, गुळाच्या ढेपेचा कडेचा काळा भाग, आणि मागे थोडी लवंग. हलका गढूळपणा पण आला. थंड फिल्टर न करता भरतात त्यामुळे तेलकट भाग राहतो, पाणी पडलं की तो ढगासारखा दिसतो, घाबरायचं नाही. चंद्रकोरवाली ब्लेंड ५० वर जरा पसरली, केळं पुढे आलं, पेन्सिल जवळजवळ गेली. मला पेन्सिलीची आठवण आली हो. मार्क: दोघांनी एलायजा क्रेग पहिली लावली, दोघांनी ब्लेंड. मी ब्लेंडवाल्यांत, पण या वेळी ओळखून. म्हणजे ताई, तुमचा आक्षेप निम्मा खरा निघाला.

मेतकूट

निम्मा खरा म्हणजे आमच्या धंद्यात दिवाळी. पेन्सिल गेली हे महत्त्वाचं निरीक्षण. काही व्हिस्कींचा तोल ५७ वरच जुळवलेला असतो, ५० ला आणलं की पाय लटपटतात. म्हणून दोन्ही पद्धतीने चाखायचं आणि दोन वेगळे मार्क लिहायचे, सरासरी काढायची नाही.

सोडावॉटर

ठीक आहे, भेसळ शब्द मागे घेतो. पण डिस्टिलरीचं नाव छापायला काय जातं हा मुद्दा कायम.

पिंपळपान

तो मान्यच आहे. राज्य छापतात, वय छापतात, मग नावाने काय पाप केलंय? करारात अट असते म्हणतात.

अजून एक. निळीचं काय करायचं हा प्रश्न होता, पाऊण बाटली पडून आहे. परवा रात्री सिरिंज हातात होतीच म्हणून मेकर्सच्या २५ मिलीत निळीची ५ मिली टाकून बघितली. मेकर्स एकटी असते तेव्हा गोड-गोड, शेवट पटकन संपतो. निळी पडल्यावर मागे एक तुरट रेघ आली, सुपारी चघळल्यासारखी, आणि गोडवा तिला धरून बराच वेळ उभा राहिला. दोन्हींपेक्षा चांगली. मग हाव सुटली, १० मिली टाकली, सगळं परत कपाटाच्या खणात. पाच ते दहाच्या मध्ये कुठेतरी भिंत आहे, सातला बरी होती, साडेसातला नाही. चार पानं भरली नोंदींची.

नाना६२

कात नुसता कोण खातं रे बाळा. ती बाटली विकू नकोस, सात मिलीच्या हिशोबाने वर्षभर पुरेल. आणि मिश्रण पंधरा दिवस झाकून ठेव आणि मग बघ, आम्ही टाकीत ठेवायचो, लगेच काढलेलं आणि बसलेलं यात फरक पडतो.

पिंपळपान

ठेवलंय नाना, १०० मिलीची बाटली भरून. वर निळी टिकली आणि हिरवी टिकली दोन्ही.

नवशिक्या

चंद्रकोरवाल्या ब्लेंडचा बॅच नंबर द्याल का? मावसभाऊ डिसेंबरात येतोय.

पिंपळपान

नंबर लेबलवरच आहे, फोटो टाकतो, पण उपयोग नाही. आज दुकानात गेलो होतो, ती बॅच संपली. पुढची आलीय, त्यात राज्यं तीच पण वयं वेगळी आणि टक्के पण वेगळे. घेतली. अजून उघडली नाहीये, बायको म्हणतेय आधी टिकल्यांचं नवीन पाकीट आण.